काय वगळलं ते सांगा

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड येतात. ज्या दिवशी यायचे, त्या दिवशी पहाटे साडेपाचला वॉल्व्ह उघडणारा भैया सायकलवरून येतो, रस्त्यातलं लोखंडी झाकण सरकवतो, कमरेइतकी उंच चावी खड्ड्यात सोडतो आणि फिरवायला लागतो. ओठांतल्या ओठांत फेरे मोजतो. मग थांबून चावीच्या दांड्याला कान लावतो. एकदा मी ओट्यावरूनच विचारलं, "क्या सुन रहे हो, भैया?" तो म्हणाला, "आवाज मोटी है, मतलब आखरी घर तक लाइन भरी नहीं।" आणखी दीड फेरा दिला, पुन्हा कान लावला, झाकण बसवलं आणि पुढच्या बाखलीकडे, म्हणजे बोळाकडे, निघाला.

मी 31 वर्षं एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संदेशवहन शिकवलं. माहिती मोजण्याचा क्लॉड शॅननचा 1948 चा सिद्धांत दर वर्षी नव्या मुलांना फळ्यावर मांडून दाखवला. त्यामुळे या भैयाकडे बघताना माझ्या डोक्यात एक हिशेब सुरू होतो, आणि सध्या आपल्या शहरांचा कारभार ज्या दिशेनं चालला आहे, ते पाहता तो हिशेब सगळ्यांसमोर मांडावा असं वाटतं.

दिशा कोणती, ते आधी सांगते. स्मार्ट सिटी मिशन जून 2015 मध्ये सुरू झालं. जानेवारी 2016 मध्ये पहिल्या 20 शहरांची यादी आली, तिच्यात इंदूर होतं. 31 मार्च 2025 ला मिशन संपलं, पण शंभर शहरांत उभी राहिलेली नियंत्रण केंद्रं राहिली: भिंतभर पडदे, कॅमेऱ्यांची चित्रं, सेन्सरचे आकडे. त्यापुढची पायरी म्हणून 'डिजिटल ट्विन'ची चर्चा आहे, म्हणजे शहराचं संगणकातलं जुळं भावंड. रस्ते, पाइप, तारा, इमारती सगळं त्यात उतरवायचं, पाणी कुठे किती सोडायचं किंवा सिग्नल किती वेळ हिरवा ठेवायचा हे आधी त्या जुळ्यावर करून बघायचं, आणि मग खऱ्या शहराला आज्ञा द्यायची. केंद्राच्या दूरसंचार विभागानं 2024 मध्ये 'संगम' नावानं असा उपक्रम जाहीरही केला.

या बेताला माझा सरसकट विरोध नाही. माझा आक्षेप एका गृहीतकाला आहे. आज जुळं थोडं कच्चं आहे, सेन्सर वाढले, संगणक मोठा झाला, की ते हुबेहूब होईल, असं धरून चाललं जातं. ते होणार नाही. लहान वस्तूत मोठी वस्तू पुरती मावत नाही, हा गणिताचा नियम आहे, पुढच्या वर्षीच्या यंत्रानं तो बदलत नाही. आणि मावत नसेल, तर काहीतरी टाकावं लागतं. काय टाकायचं, हे कोण ठरवतं, यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ते ठरवणं हा सार्वजनिक निर्णय आहे आणि तो उघड्यावर व्हायला हवा.

आता हिशेब. आमच्यासारख्या एका गल्लीत 40 घरं धरा. नळ आले की कुणी पाइपला थेट मोटर लावतं, कुणी लावत नाही. बाकी सगळं सोडून द्या, फक्त मोटर चालू की बंद एवढंच बघा. तरी 40 घरांच्या मिळून एक लाख कोटींहून जास्त वेगवेगळ्या परिस्थिती होतात, कारण दोनाला दोनानं 40 वेळा गुणावं लागतं. गल्लीच्या तोंडाशी दाब मोजणारा एक सेन्सर बसवला. चांगला सेन्सर आहे, दाबाच्या 256 पायऱ्या ओळखतो. एका 'हो की नाही'ला एक बिट म्हणतात, म्हणजे एका वेळी तो 8 बिट सांगतो आणि गल्लीत 40 बिटांची भानगड चालू असते. 32 बिट कुठे गेले? ते सेन्सरपर्यंत पोचलेच नाहीत. सेन्सरच्या प्रत्येक आकड्यामागे सरासरी 429 कोटी परिस्थिती लपलेल्या असतात आणि त्या सगळ्या पडद्यावर सारख्या दिसतात. त्यांतल्या काहींत शेवटच्या घरी बादली भरते, काहींत थेंब येत नाही.

यावर पहिलं उत्तर येतं, संगणक हुशार करू. पण सेन्सरनंतर कितीही ताकदीचा संगणक जोडला तरी गेलेले बिट परत येत नाहीत. माहिती-सिद्धांतातला हा अगदी पायाचा नियम आहे: एकदा गळलेली माहिती पुढच्या कुठल्याही प्रक्रियेनं वाढत नाही.

इंदूरच्या मराठी माणसाला हे समजवायला सेन्सर लागतच नाही, 'ळ' पुरतो. आपण घरी 'माळवा' म्हणतो, कागदावर तो 'मालवा' असतो. काळे 'काले' होतात, माळी 'माली' होतात. हिंदीत नोंद करणाऱ्यानं 'ळ' च्या जागी 'ल' लिहिला की दोन अक्षरांचं एक झालं. आता 'मूल' अशी नोंद समोर आली तर ते मूल होतं की मूळ? 'वेल' म्हणजे वेल की वेळ? 'गाल' म्हणजे गाल की नळातून आलेला गाळ? त्या नोंदीकडे शंभर वर्षं टक लावून बसलं तरी उत्तर मिळणार नाही. आजूबाजूचे शब्द दिले तर यंत्र अंदाज बांधेल, बऱ्याचदा बरोबरही येईल. पण ती माहिती आजूबाजूच्या शब्दांनी दिली, पुसलेल्या अक्षरानं नाही. आणि एकट्या नावाला आजूबाजूचे शब्द नसतात.

आमच्या आडनावात 'ळ' आहे. वडील गेल्यावर आईच्या कुटुंब पेन्शनच्या वेळी एका कागदावर 'ळ' होता, दुसऱ्यावर 'ल'. पडताळणी करणाऱ्या यंत्राच्या लेखी त्या दोन बायका होत्या. पाच महिने आई खेटे घालत होती. चौथ्या खेपेला मी सोबत होते. खिडकीतल्या मुलानं दोन्ही कागद पाहिले, आईकडे पाहिलं, जुन्या फोटोकडे पाहिलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "दिख तो रहा है आंटी, पर सिस्टम नहीं ले रहा।" तो मुलगा उर्मट नव्हता. त्याला जे दिसत होतं ते खरं होतं, आणि ते ठेवायला यंत्रात जागा नव्हती. ती जागा नसावी, हे कधीतरी कुणीतरी ठरवलं होतं. कोणी, कधी, कशाच्या आधारावर, हे त्या मुलाला माहीत नव्हतं आणि आम्हाला विचारायला जागा नव्हती. आई तेव्हा 78 वर्षांची होती.

आता जागा अपुरी असेल तर काय राखायचं आणि काय सोडायचं, याचंही शास्त्र आहे. डेव्हिड हफमननं 1952 मध्ये दाखवलेली पद्धत आजही फाइल लहान करताना वापरतात: जे वारंवार येतं त्याला आखूड खूण, जे क्वचित येतं त्याला लांब खूण. तारेच्या काळातही असंच होतं, इंग्रजीतल्या सगळ्यांत नेहमीच्या अक्षराला एकच टिंब. क्वचित येणारं महाग पडतं. आणि काटकसर करायची वेळ आली की महाग आधी जातं. त्यात द्वेष कुणाचा नसतो. पण वजाबाकी होते ती प्रत्येक वेळी त्याच लोकांची: गल्लीतलं शेवटचं घर, स्मार्टफोन नसलेली बाई, दोन कागदांवर दोन तऱ्हेनं लिहिलेलं नाव, एका खोलीत भाड्यानं राहणारी चार बिऱ्हाडं.

इथे शॅननचं 1959 चं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. किती चूक चालवून घेतली तर किती बिटांत भागतं, याचं नेमकं गणित त्यानं मांडलं. मात्र ते गणित सुरू होण्याआधी एक कोष्टक हातात द्यावं लागतं: कोणती चूक किती मोठी मानायची. पूर्ण वस्तीला दहा मिनिटं उशिरा पाणी येणं ही चूक मोठी, की एका घराला तीन दिवस न येणं? गणित याचं उत्तर देत नाही. ते उत्तर बाहेरून येतं, माणसाकडून. वर्गात मी हे वाक्य दर वर्षी दोनदा लिहायचे, कारण मुलं सूत्र पाठ करायची आणि हे कोष्टक विसरायची. शहरं विकत घेत असलेल्या यंत्रांतही हे कोष्टक असतं. ते कुठल्या तरी कार्यालयात एखाद्या अभियंत्यानं भरलेलं असतं, त्यानं आमची गल्ली पाहिलेली नसते. निविदेत पडद्यांचा आकार लिहिलेला असतो, हे कोष्टक कुणी मागत नाही.

'पण यंत्रं मोठ्या गोष्टींचे अंदाज बांधतातच ना' असं मला मुलं विचारायची, आणि प्रश्न रास्त आहे. हवामानाचा अंदाज गेल्या काही दशकांत दर दशकाला साधारण एका दिवसानं सुधारला. आजचा पाच दिवसांचा अंदाज पूर्वीच्या चार दिवसांच्या अंदाजाइतका भरवशाचा आहे. ग्रहणाची वेळ तर सेकंदापर्यंत सांगता येते. ज्यात पुनरावृत्ती आहे, नियम आहे, ते लहान जागेत बसतं. सकाळी सातला इंदुरात पोह्यांच्या दुकानांसमोर गर्दी होणार, रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघणार तेव्हा तिथून गाडी जाणार नाही, अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर चालणार, हे सांगायला फार बिट लागत नाहीत. लाखो माणसांची सरासरीही सोपी असते. जितकी माणसं जास्त तितकी ती स्थिर. संपूर्ण शहराला उद्या किती पाणी लागेल हे यंत्र छान सांगेल, आणि ते त्यानं सांगावं. पण सरासरी घट्ट झाली म्हणून चाळिसाव्या घराबद्दल काही कळलं, असं होत नाही.

हवामानातही शेवटी भिंत लागतेच. एडवर्ड लॉरेन्झनं 1969 मध्ये दाखवलं की वातावरणातल्या बारीकसारीक न मोजलेल्या गोष्टी वाढत वाढत दोनेक आठवड्यांत सगळा अंदाज गिळतात. वातावरण निदान आपला अंदाज वाचत तरी नाही. शहर वाचतं. नकाशाच्या अ‍ॅपनं जेल रोडची गर्दी टाळायला बाखलीतून वाट दाखवली, की दहा मिनिटांत ती बाखल तुंबते, कारण सगळ्यांना तीच वाट दाखवलेली असते. शहराचं जुळं शहरातच राहतं, शहराला बदलतं, म्हणून त्याला स्वतःचाही हिशेब ठेवावा लागतो. डेव्हिड वॉलपर्टनं 2008 मध्ये सिद्ध केलं की एकमेकांचे अंदाज बांधणारी दोन यंत्रं, दोन्हीही अचूक, असं असू शकत नाही. आपल्या शहरांत पाण्याचं यंत्र वेगळं, वाहतुकीचं वेगळं, अ‍ॅप आणखी वेगळं.

मोठ्या यंत्राची आशा कुठपर्यंत ताणायची, यालाही आकडा आहे. दिवाळीत राजवाड्याच्या सात मजल्यांवर रोषणाई असते. त्यातले फक्त 400 दिवे घ्या, प्रत्येक चालू किंवा बंद. त्यांच्या होऊ शकणाऱ्या आकृत्यांची संख्या लिहायला 121 आकडे लिहावे लागतात. हान्स ब्रेमरमननं 1962 मध्ये भौतिकीच्या नियमांवरून काढलं की पृथ्वीच्या वजनाचा संगणक पृथ्वीच्या वयाइतका काळ चालला तरी एकावर 93 शून्यं एवढेच बिट हाताळेल. म्हणजे 400 दिव्यांच्या सगळ्या शक्यता एकेक करून तपासणं कायमचं हाताबाहेर आहे. चांगली रीत सापडली तर सगळं तपासावं लागत नाही, हे खरं. पण रीत म्हणजेच काय बघायचं आणि काय सोडायचं याचा निर्णय, आणि आपण पुन्हा त्या कोष्टकापाशी येतो.

परक्या ठिकाणची रीत इथे आणली की काय होतं, त्याचं एक उदाहरण पाण्याचंच देते. पाइपातली गळती शोधायची एक जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. रात्री दोन ते चारच्या दरम्यान लोक झोपलेले असतात, वापर जवळजवळ शून्य असतो, तेव्हाही पाइपातून पाणी वाहत असेल तर ती गळती. सुरेख युक्ती आहे. पण तिच्या पोटात गृहीत आहे की पाइप चोवीस तास भरलेला असतो आणि घरात पाणी साठवत नाहीत. आपल्याकडे नर्मदा काठावरच्या जलूदहून साधारण 70 किलोमीटर चढून येते, 1978 पासून येते, आणि घरी एक दिवसाआड पोचते. आली की प्रत्येक घर हौद भरतं, टंकी भरतं, पिंपं भरतं. तेव्हा वाहणारं पाणी गळती आहे की कुणाचा हौद, हे त्या युक्तीला कळत नाही. बाकीच्या रात्री पाइप रिकामा. आणि हे सगळं ज्या लोकसंख्येवर बेतायचं, ती जनगणना 2011 ची, 19 लाखांच्या वरची. त्यानंतर आसपासची गावं हद्दीत आली, 2013 ला सुरू झालेला बीआरटीएस, म्हणजे बससाठीचा वेगळा मार्ग, 2025 मध्ये काढायला घेतला, त्याच वर्षी 31 मे ला मेट्रो धावली. जुन्या आकड्यांवर शिकलेलं जुळं ज्या इंदूरचं आहे, ते इंदूर आता नाही.

मग करायचं काय? रॉस अ‍ॅश्बी नावाचा इंग्रज मनोविकारतज्ज्ञ होता. त्यानं 1956 मध्ये एक नियम मांडला: बाहेरून जितक्या तऱ्हेच्या अडचणी येतात, आवरणाऱ्याकडे निदान तितक्या तऱ्हेची उत्तरं हवीत. 1970 मध्ये रॉजर कोनंटबरोबर त्यानं त्यापुढचं सिद्ध केलं, की कुठल्याही व्यवस्थेला नीट सांभाळणाऱ्याच्या आत त्या व्यवस्थेचं प्रतिरूप असावंच लागतं. नियंत्रण कक्ष बांधणारे हा निकाल आपल्या बाजूचा म्हणून सांगतात. मला तो उलट वाटतो. ते प्रतिरूप एका खोलीत असलं पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. आमच्या भैयाच्या डोक्यात इंदूर नाही. त्याच्या डोक्यात 11 गल्ल्या आहेत: कुणाकडे लग्न आहे, कुठल्या वळणावरचा जुना पाइप गाळानं अर्धा भरलाय, कुठली म्हातारी एकटी राहते आणि तिला बादली उचलवत नाही म्हणून तिच्याकडे धार बारीक असली तरी चालते पण जास्त वेळ लागते. जे डोक्यात नाही ते तो जाऊन बघतो. गल्ली स्वतःच त्याची वही आहे. अशा वह्या 85 वॉर्डांत पसरलेल्या आहेत, आणि त्या सगळ्या मिळून जितकं धरतात तितकं पडद्यावरचं जुळं कधी धरणार नाही.

भैयालाही मर्यादा आहेत. तो आजारी पडतो. वजनदार माणसाच्या घराकडे एक फेरा जास्त देण्याचा मोह त्याला होऊ शकतो, आणि असं झालेलं आमच्या भागात लोकांनी पाहिलं आहे. सेन्सरची नोंद असेल तर ते उघडं पडतं. म्हणून सेन्सर हवेत. मला भिती वाटते ती अदलाबदलीची: सेन्सर आले म्हणून भैयाची जागा रिकामी ठेवायची, आणि असलेल्या भैयाच्या हातून तो दीड फेरा द्यायचा अधिकार काढून घ्यायचा. पडदा म्हणतो दाब ठीक आहे, मग तू का फिरवलास, असं त्याला विचारलं जाईल त्या दिवशी 32 बिट कायमचे गेले.

माझी मागणी त्यातूनच निघते. पालिकेनं असं कुठलंही यंत्र घेताना, ते काय मोजतं यासोबत काय मोजत नाही, कुठल्या दोन वेगळ्या परिस्थितींना एकच समजतं आणि कुठली चूक किती मोठी मानतं, हे साध्या हिंदीत छापून वॉर्ड कार्यालयाच्या भिंतीवर लावावं. पान-दोन पानांचं काम आहे, पण ते लिहायला बसल्यावर कंपनीला आणि पालिकेला पहिल्यांदा कळेल की आपण काय टाकलं. दुसरं, खिडकीतल्या मुलाला आणि चावीवाल्या भैयाला यंत्राच्या विरुद्ध जायचा लेखी हक्क हवा. ते गेले की कारणासह नोंद व्हावी, आणि ती नोंद त्यांच्या शिक्षेसाठी नव्हे तर यंत्राच्या तपासणीसाठी वापरली जावी. एकाच गल्लीत महिन्यातून दहादा भैया यंत्राला डावलत असेल, तर कोष्टक चुकलंय, भैया नाही. आणि नावनोंदणीच्या प्रत्येक यंत्रात 'माणसानं पाहून खात्री केली' असं लिहायला एक रकाना हवा, खाली त्या माणसाची सही. आईला पाच महिन्यांऐवजी पाच मिनिटं लागली असती.

हा खर्च आहे, मान्य. माणसं लागतात, त्यांचे पगार लागतात, आणि निकाल पडद्याइतका झटपट दिसत नाही. पण शहर ज्या माहितीवर चालतं तिचा मोठा भाग त्यांच्याच कानांत आणि हातांत आहे, आणि ती दुसरीकडे उतरवून घेता येत नाही.

परवा नळाच्या दिवशी भैयासोबत एक पोरगा होता, अठराएक वर्षांचा. त्याचा पुतण्या. भैयानं चावी त्याच्या हातात दिली, फेरे मोजायला लावले, आणि मग मान धरून त्याचा कान दांड्याला टेकवला. पोरगा बराच वेळ तसाच वाकून होता. मग मान हलवून म्हणाला, "आधा और।" भैयानं स्वतः ऐकलं नाही. त्याला अर्धा फेरा देऊ दिला आणि तो गल्लीच्या टोकाला, शेवटच्या घराकडे, बघायला चालत गेला.